डार्विनच्या ग्रंथातले मुंबईचे जहाज

१/
चार्ल्स डार्विनने मालदीव बेटे आयुष्यात कधी पाहिली नाहीत. तरीही प्रवाळबेटांच्या घडणीवरील त्याच्या १८४२ च्या ग्रंथात मालदीव पुन्हा पुन्हा येते. कोणत्या कंकणाकार बेटाच्या पोटातले पाणी किती खोल, कड्याला खिंडी कोठे, बाहेरच्या अंगाला तळ कोठे एकाएकी तुटतो, असा बारीक तपशील तेथे आहे. तो ज्या जहाजावरून गोळा झाला ते मुंबईच्या ताफ्यातले होते. नाव 'बेनारेस'. हा धागा त्या जहाजाचा, त्याच्या सोबत्यांचा आणि शिडाच्या नौकेवरून समुद्र अभ्यासण्याच्या एका रीतीचा, जी अलीकडे गोव्याच्या किनाऱ्यावर पुन्हा दिसू लागली आहे.

२/
प्रथम या ताफ्याची ओळख. ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईत स्वतःचे आरमार होते. त्याला 'बॉम्बे मरीन' म्हणत. १८३० मध्ये त्याचे नाव 'इंडियन नेव्ही' झाले. आजच्या भारतीय नौदलाशी त्याची गल्लत करू नये. चाच्यांचा बंदोबस्त, व्यापारी गलबतांची राखण आणि किनाऱ्यांची मोजणी ही त्याची कामे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात. त्यांपैकी 'ट्रिंकोमाली' हे १८१७ सालचे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे.

३/
मोजणीची निकड कशी होती, हे एका अपघातावरून कळते. १७८६ मध्ये 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर आदळून फुटले. जहाजावरच्या अधिकाऱ्यांत जेम्स हॉर्सबर्ग नावाचा एक तरुण होता. नकाशे चुकीचे होते म्हणून जहाज गेले, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. त्याने पुढची सारी उमेद पूर्वेच्या समुद्रांची माहिती जमवण्यात घालवली आणि अखेरीस तो कंपनीचा जलालेखक, म्हणजे समुद्री नकाशांचा प्रमुख, झाला. मालदीवच्या मोजणीमागे त्याचाच आग्रह होता.

४/
दुसरी निकड वाफेची होती. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही मुंबईतच बांधलेली आगबोट सुएझकडे निघाली. कोळसा इतका लागे की तो ठेवायला प्रवाशांच्या खोल्यासुद्धा अपुऱ्या पडत. वाटेत एडन, मोखा, जेद्दा येथे थांबत ती सुमारे महिन्याभरात सुएझला पोचली. आशेच्या भूशिराला वळसा घालून विलायतेची डाक यायला कित्येक महिने लागत, तेथे हा मार्ग म्हणजे चमत्कारच होता. अडचण एवढीच की तांबडा समुद्र प्रवाळाच्या खडकांनी भरलेला, आणि त्याचा विश्वासार्ह नकाशा नाही.

५/
म्हणून १८२९ ते १८३४ या काळात दोन जहाजांनी तांबडा समुद्र मोजला. उत्तरेकडील भाग रॉबर्ट मोरेस्बी याच्या 'पॅलिनुरस'कडे, दक्षिणेकडील थॉमस एल्वन याच्या 'बेनारेस'कडे. गंमत अशी की आगबोटीची वाट आखली ती शिडाच्या जहाजांनी. कोळशाची चिंता नसल्याने ती महिनोन्‌महिने एकाच उपसागरात रेंगाळू शकत. मोजणीला नेमके हेच रेंगाळणे लागते.

६/
मोजणी म्हणजे काय करीत, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. मोठे जहाज सुरक्षित पाण्यात नांगरत. त्यावरून लहान होड्या खाली सोडत. होडीतला माणूस दोरीला बांधलेले शिशाचे वजन पाण्यात टाकी. दोरीवर ठरावीक अंतरांवर खुणा असत. वजन तळाला टेकले की खूण वाचून खोली सांगायची. मापाचे एकक वाव. दोन्ही हात पसरले असता जेवढी लांबी भरते तेवढी, सुमारे सहा फूट. मराठीतला हा शब्द कोकणच्या खलाशांना शिकवावा लागला नसेल.

७/
वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, शिंपले, प्रवाळाचा चुरा तिला चिकटून वर येई. खोलीबरोबर तळाचा नमुनाही मिळे. नकाशावर आकड्याशेजारी जी लहान अक्षरे दिसतात, ती या चरबीने आणलेली साक्ष होय. एका फेकीत समुद्राचे दोन गुण हाती येत. समुद्रविज्ञानाचे हे फार साधे, पण फार प्रामाणिक उपकरण.

८/
खोली कळली, पण ती कोठली? त्यासाठी किनाऱ्यावरच्या दोन-तीन ठळक खुणांमधले कोन सेक्स्टंटने मोजत. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून निघे. रेखांश मात्र घड्याळावर अवलंबून. मूळ बंदराची वेळ दाखवणारे अचूक घड्याळ जहाजावर हवे. ते चार सेकंद चुकले तर विषुववृत्ताजवळ जहाजाचे स्थान जवळजवळ दोन किलोमीटरने सरकते. प्रवाळाच्या खडकांत दोन किलोमीटरची चूक म्हणजे जहाज गेलेच.

९/
येथे जमिनीवरच्या विज्ञानाची गाठ समुद्राशी पडते. मुंबईला कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याची वेधशाळा उभारली, तिच्या हेतूंपैकी एक म्हणजे बंदरातील जहाजांना नेमकी वेळ पुरवणे. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होऊ लागल्या. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे दर्यावर्दींना कळणे तितकेच आवश्यक होते.

१०/
या वेधशाळेत काम करणाऱ्यांत एक तरुण होता अलिबागजवळच्या नागावचा: केरूनाना छत्रे. ऑर्लिबार या प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी तेथे सुमारे दहा वर्षे वेध घेतले. पुढे ते गणिताचे नामांकित अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. 'ग्रहसाधनांची कोष्टके' लिहिणाऱ्या या माणसाची पहिली शाळा म्हणजे कुलाब्याच्या टोकावरची, रात्रीबेरात्री आकडे टिपण्याची नोकरी. समुद्राच्या अभ्यासात मराठी माणसाचा हात शोधायचा तर तो डेकवर आहेच, पण या नोंदवह्यांतही आहे.

११/
तांबडा समुद्र आटोपल्यावर १८३४ मध्ये मोरेस्बीला मालदीवची कामगिरी मिळाली. या वेळी तो 'बेनारेस'वर होता, सोबत लेफ्टनंट पॉवेल. हजाराहून अधिक बेटे, बहुतेक सगळी पाण्यापासून पुरुषभर उंच. लांबून माडांचे शेंडे दिसतात, जमीन दिसत नाही. दोन वर्षे हे काम चालले. तापाने माणसे हैराण केली. तयार झालेले नकाशे मात्र इतके पक्के निघाले की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ब्रिटिश नौदलाचे मालदीवचे नकाशे त्यांच्यावरच आधारलेले होते.

१२/
मोरेस्बीने आपले दोन अधिकारी, यंग आणि ख्रिस्तोफर, माले येथे मागे ठेवले. बेटांवरचे लोक, चालीरीती, भाषा यांची माहिती घ्यायची ही त्यांची कामगिरी. दोघेही आजारी पडले, तरी त्यांनी लिहून आणलेला वृत्तान्त 'बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी'च्या कार्यवृत्तात छापला गेला. ख्रिस्तोफरने जमवलेला मालदीवी भाषेचा शब्दसंग्रह मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे पाठवला. तो १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आज गिरगाव चौपाटीसमोर आहे ते.

१३/
ही साखळी नीट पाहावी. जहाज कंपनीच्या आरमाराचे. वेळ कुलाब्याची. वृत्तान्त छापणारी संस्था मुंबईची, शब्दसंग्रह पुढे धाडणारा एक मिशनरी. नकाशे कोरले जाणार लंडनला. एकट्या जहाजाच्या हातून विज्ञान झाले नाही. आणि या साखळीची पुढची कडी कोणालाच ठाऊक नव्हती.

१४/
एप्रिल १८३६. 'बेनारेस'चे मालदीवमधले काम संपत आलेले. त्याच महिन्यात पूर्वेकडे, कीलिंग बेटांवर, 'बीगल' हे दुसरे शिडाचे जहाज बारा दिवस थांबले. डार्विनने पायाखाली घेतलेले हे पहिले आणि एकमेव कंकणद्वीप. त्याच्या मनात सिद्धान्त आधीच तयार होता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, प्रवाळ पाहण्यापूर्वीच, तो सुचला होता.

१५/
सिद्धान्त असा. प्रवाळाचे जीव उथळ, उजेडाच्या पाण्यातच वाढतात. मग अथांग समुद्रात ही कंकणे उभी कशावर? डार्विन म्हणाला, प्रत्येक कंकणाच्या जागी एकेकाळी ज्वालामुखीचे बेट होते. त्याच्या काठाने प्रवाळ वाढले. बेट हळूहळू खचत गेले, प्रवाळ त्याच वेगाने वर वाढत राहिले. शेवटी बेट बुडाले, काठ तेवढा उरला.

१६/
एका बेटावरच्या बारा दिवसांवरून जगाचा नियम सांगता येत नाही. डार्विनला तुलना हवी होती, आणि ती मोरेस्बीच्या नकाशांनी दिली. मालदीवमध्ये मोठ्या कंकणाच्या कड्यावर लहान लहान कंकणे दिसतात. डार्विनच्या मते ती एकाच रचनेच्या तुटत जाण्याच्या पायऱ्या होत्या. मोरेस्बीने त्यानंतर मोजलेला चागोसचा विशाल उथळा तर बहुतांश पाण्याखालीच. डार्विनने त्याला बुडून मेलेले कंकणद्वीप ठरवले. त्याने मोरेस्बीशी पत्रव्यवहार केला आणि त्याचे ऋण ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले.

१७/
इंग्रजीत अशा बेटाला 'अ‍ॅटॉल' म्हणतात. हा शब्द मूळचा मालदीवी. भूगोलाच्या जागतिक परिभाषेत हिंदी महासागराने दिलेल्या मोजक्या शब्दांपैकी एक.

१८/
सिद्धान्ताची परीक्षा व्हायला शतक उलटले. रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ मध्ये प्रशांत महासागरातील फुनाफुती येथे भोक पाडून पाहिले. तीनशे मीटरांहून खोल गेले, प्रवाळाखालचा खडक लागला नाही. १९५२ मध्ये एनिवेटॉक येथे अमेरिकनांनी सुमारे १,४०० मीटरांपर्यंत भोक पाडले आणि तळाशी ज्वालामुखीचा काळा पाषाण सापडला. डार्विनचा मुख्य मुद्दा खरा ठरला. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली-वर होत राहिल्याचा हिशेब मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि मालदीवच्या आजच्या आकाराला त्याचाही हातभार आहे. एनिवेटॉकची ती भोके अणुचाचण्यांच्या तयारीच्या काळातली, हेही विसरू नये. शुद्ध ज्ञानासाठी म्हणून समुद्रात फार थोडे खर्च झाले आहेत.

१९/
हेच आता 'पॅलिनुरस'च्या कथेत अधिक उघडे दिसते. तांबड्या समुद्रानंतर हे दोन डोलकाठ्यांचे जहाज अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजू लागले. त्यावर वेलस्टेड नावाचा लेफ्टनंट होता. १८३४ मध्ये हिस्न अल-घुराबच्या पडक्या किल्ल्यावर त्याला खडकात कोरलेला एक अज्ञात लिपीतला लेख दिसला. त्याने तो उतरवून घेतला. प्राचीन हिम्यारी लिपी जर्मन पंडितांनी १८४१ च्या सुमारास उलगडली, तेव्हा अशा नकला त्यांच्या पुढ्यात होत्या.

२०/
१८३६ मध्ये याच जहाजाचे डॉ. हल्टन आणि लेफ्टनंट क्रटेन्डन मोख्याहून येमेनची राजधानी सनापर्यंत चालत-स्वार होत गेले. तेथूनही लेखांच्या नकला आणल्या. परतल्यावर थोड्याच दिवसांत हल्टन वारला. त्याच्या नावाने ना बेट आहे, ना खिंड.

२१/
१८४४ ते १८४६ मध्ये 'पॅलिनुरस'वर हेन्री कार्टर हा सहायक शल्यवैद्य होता. रुग्ण थोडे, वेळ पुष्कळ. त्याने किनाऱ्याचे खडक पाहिले, जीवाश्म गोळा केले. मुंबईला परतल्यावर तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा चिटणीस झाला आणि अरबस्तानच्या किनाऱ्याच्या भूरचनेवर त्याने तिच्या नियतकालिकात निबंध लिहिला. याच कार्टरने मुंबईच्या तळ्यांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचा अभ्यास केला. गावकऱ्यांना जे शेवाळासारखे काहीतरी वाटे, त्यात एक प्राणी आहे हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले. १८५९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. जहाजावरच्या वैद्याकडून निसर्गशास्त्र करून घेण्याची ही प्रथा पुढे पुष्कळ वर्षे चालली.

२२/
आणि आता या प्रकरणाची काळी बाजू. 'पॅलिनुरस'चा कप्तान होता स्टॅफर्ड हेन्स. एडनचे बंदर त्याच्याइतके कोणी बारकाईने मोजले नव्हते. कोठे किती पाणी, वारा कोठून अडतो, तोफ कोठे पोचते, सारे त्याच्या वहीत. १८३७ च्या आरंभी 'दर्या दौलत' नावाचे हिंदी मालकीचे, ब्रिटिश निशाणाचे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. भरपाई मागायला कंपनीने हेन्सलाच पाठवले. बोलणी फिसकटली. १९ जानेवारी १८३९ रोजी हेन्सच्या मोहिमेने एडन घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात साम्राज्यात आलेली ही पहिली भूमी.

२३/
मोजणारा माणूस जिंकणारा झाला, यात त्याला स्वतःला काही विसंगत वाटले असेल असे दिसत नाही. त्याच वर्षी त्याचा अरबी किनाऱ्यावरचा निबंध लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. एकाच वर्षात एकाच माणसाच्या हातून विद्वत्सभेला निबंध आणि सरकारला बंदर! एकोणिसाव्या शतकातील 'वैज्ञानिक सहकार्य' हा शब्द वाचताना हे वर्ष आठवावे.

२४/
हेन्सचा शेवटही सांगायला हवा. पंधरा वर्षे त्याने एडनचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये हिशेबात मोठी तूट निघाली. अपहाराच्या आरोपातून तो सुटला, पण तुटीची रक्कम भरता येईना म्हणून मुंबईत कर्जाच्या तुरुंगात पडला. १८६० मध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच, मुंबई बंदरात, तो वारला.

२५/
मालदीव १८८७ मध्ये ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली गेले. चागोसमधील दिएगो गार्सियाचे विसाव्या शतकात लष्करी तळ झाले आणि १९६८ ते १९७३ या काळात चागोसच्या लोकांना त्यांच्या बेटांवरून हलवण्यात आले. हॉर्सबर्गचे जहाज जेथे फुटले, मोरेस्बीने जेथे होड्या सोडल्या, तीच ही जागा. मोरेस्बीला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण ज्या बेटाचा नकाशा आहे ते बेट दूरच्या कचेरीतल्या टेबलावर मांडता येते, हेही तितकेच खरे.

२६/
मालदीवच्या नकाशावर आजही 'मोरेस्बी चॅनल' आहे. शिशाचे वजन टाकणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव नाही. कंपनीच्या आरमारात खलाशी मोठ्या प्रमाणावर कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूने, येत. खारवी, भंडारी, कोळी, कोकणी मुसलमान. कड्याच्या किती जवळ होडी न्यायची हा निर्णय बऱ्याचदा त्यांच्याच हाताचा. कंपनी संपल्यावर, १८६० च्या सुमारास, लंडनमधील तिच्या कागदपत्रांचे ढीगच्या ढीग रद्दीत विकले गेले. १८६३ मध्ये 'इंडियन नेव्ही'ही मोडीत निघाली. माणसांबरोबर त्यांच्या नोंदीही गेल्या.

२७/
पुढचा काळ वाफेचा, त्यावर थोडक्यात. १८८१ चे 'इन्व्हेस्टिगेटर' मुंबईच्याच गोदीत बांधले गेले, पण ते चाकाची आगबोट होते. समुद्रसंशोधनातून शीड जवळजवळ हद्दपार झाले. एक अपवाद मोठा मजेदार आहे: १९०९ मध्ये अमेरिकेत 'कार्नेगी' हे जहाज मुद्दाम लाकूड, कांसे आणि तांबे वापरून, जवळपास लोखंडाविना बांधले गेले, कारण त्यावरून पृथ्वीचे चुंबकत्व मोजायचे होते. नांगरसुद्धा कांशाचा. त्याच सुमारास मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम नानाभाई मूस यांनी अलिबागला हलवले. १९०४ पासून तेथे वेध सुरू झाले, आणि ती इमारतही लोखंड टाळून बांधलेली. पाण्यावर लोखंडाविना जहाज, काठावर लोखंडाविना घर. 'कार्नेगी' १९२९ मध्ये सामोआत इंधन भरताना स्फोट होऊन जळाले. अलिबागची वेधशाळा चालू आहे.

२८/
स्वतंत्र भारताने समुद्राकडे वळून पाहिले ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने. अनेक देशांची मिळून सुमारे चाळीस जहाजे १९६५ पर्यंत या महासागरात फिरली. भारतीय नौदलाचे 'किस्तना' त्यांपैकी एक. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात, दोना पावला येथे. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. परक्या आरमाराची वही आता स्वतःच्या संस्थेच्या कपाटात आली.

२९/
शीड परत आणले ते एका निवृत्त मराठी दर्यावर्दीने. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. समुद्र तेथून शंभर-दीडशे किलोमीटर लांब. भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. नौका बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, मांडवीतल्या दिवाडी बेटावर: लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर काचतंतूंचे आवरण, लांबी ५६ फूट. नाव 'म्हादेई'. कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून २००९-१० मध्ये प्रदक्षिणा पुरी केली.

३०/
दांडेकरांनीच बांधलेली तिची धाकटी बहीण 'तारिणी' फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकाऱ्यांनी गोवा सोडले आणि २१ मे २०१८ ला २१,६०० सागरी मैलांचा फेरा पुरा करून त्या परतल्या. वाटेत हवा, लाटा आणि समुद्राच्या नोंदी त्या भारतीय हवामान विभागासाठी करीत होत्या, आणि खुल्या समुद्रातील प्रदूषणाच्याही. दक्षिण गोलार्धाच्या त्या पट्ट्यात व्यापारी जहाजे फारशी फिरकत नाहीत. जेथे जहाज नाही तेथे नोंद नाही, म्हणून एका लहान नौकेच्या वहीलाही किंमत येते.

३१/
२ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' पुन्हा निघाली. या वेळी दोघीच: लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा. सोबतीला दोन संस्थांची कामे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिक आणि लोहाचे प्रमाण हवे होते. भारतीय वन्यजीव संस्थेला खुल्या समुद्रात दिसणाऱ्या देवमाशांसारख्या मोठ्या सस्तन प्राण्यांच्या नोंदी.

३२/
लोहच का? दक्षिण महासागरात नत्र, स्फुरद मुबलक आहे, पण वनस्पतिप्लवक त्या मानाने कमी. लोहाची वानवा हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. १९८०-९० च्या दशकांत जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा विचार जोरकसपणे मांडला. २००९ मध्ये गोव्याच्या संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह त्या समुद्राच्या एका तुकड्यात लोह टाकून प्रयोगही केला. प्लवक वाढले, पण ते खाणारे जीव सरसावले आणि तळाशी गेलेला कार्बन अपेक्षेहून फारच थोडा निघाला. असे सूक्ष्म लोह मोजताना पोलादी जहाजाचा गंजच नमुन्यात उतरण्याची धास्ती असते. लाकूड-काचतंतूंच्या नौकेवर ती बरीच कमी. 'कार्नेगी'ची आठवण येथे सहज होते.

३३/
सूक्ष्म प्लास्टिकचा प्रश्न तर किनाऱ्यापुरता नाहीच. गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला, धानाच्या बांध्यांचा आणि मामा तलावांचा. समुद्र पाहिलेला नाही अशी माणसे तेथे पुष्कळ भेटतील. पण वैनगंगेत पडलेली पिशवी वर्धेला भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत मिसळते आणि बंगालच्या उपसागरात पोचते. ज्या पावसावर तेथला धान उभा राहतो, तोही हिंदी महासागरावरूनच येतो. दोन्ही दिशांनी हा जिल्हा समुद्राशी बांधलेला आहे.

३४/
न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाताना, ३० जानेवारी २०२५ रोजी, 'तारिणी' पॉइंट निमो येथे पोचली. समुद्रातील हा असा बिंदू की सर्वांत जवळची जमीनही सुमारे २,६८८ किलोमीटर दूर. १९९२ मध्ये ऱ्ह्वोये लुकातेला या सर्वेक्षण अभियंत्याने संगणकावर तो शोधला. मोरेस्बीच्या व्यवसायाचा माणूस, पण जहाजाविना. तेथे दोघींनी पाण्याचे नमुने भरून घेतले. जमिनीपासून सर्वांत लांबच्या पाण्यात काय आहे, हे त्यांतून तपासायचे होते.

३५/
पंधरवड्याने त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. केप टाउनचा मुक्काम करून, सुमारे २५,४०० सागरी मैल कापून, २९ मे २०२५ रोजी त्या मुरगाव बंदरात आल्या. मुरगावच्या धक्क्यावरून जुवारी नदीच्या मुखापलीकडे पाहिले की समोर दोना पावलाचे टोक दिसते. पॉइंट निमोचे पाणी तपासणीसाठी जायचे होते ते तेथेच, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत.